वस्तीवर मोटरचं गेट बसवताना

शिरूरच्या बेट भागात, पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला, रात्री घरी परतणाऱ्या माणसाला मोटरचं गेट कशासाठी हवं असतं हे शहरातल्या सोसायटीत राहणाऱ्याला सांगावं लागतं. तिथे तो आरामाचा प्रश्न असतो. इथे गेटच्या दोन्ही अंगांना ऊस असतो आणि उसात बिबट्या असू शकतो. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या गावांमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. तेव्हापासून अंधारात गाडीतून उतरून कडी काढायला कुणाचं मन होत नाही. दौंडकडे केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात कारण थोडं वेगळं आहे. बंगला बांधून झाला, सीसीटीव्ही लागला, आता गेटही मोटरचं हवं. कारण कोणतंही असो, गरज रास्त आहे आणि गेट बसवावं. पण बसवतं कोण, ते आधी बघायला हवं.

आपल्याकडे हे काम साधारणपणे चौघं करतात. गेट तालुक्यातला फॅब्रिकेटर बनवतो. खांब आणि चौथरा गवंडी घालतो. मोटर आणणारा बहुतेक वेळा सीसीटीव्हीचं दुकान चालवणारा असतो. आणि घरापासून गेटपर्यंतची वायर गावातला नेहमीचा वायरमन ओढतो. चौघंही आपापल्या कामात चांगले असतील, पण एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला जिथे भिडतं त्या जागेची जबाबदारी कुणीच घेत नाही. फॅब्रिकेटर म्हणतो, गेटच्या टोकाचा अडथळा मोटरवाला लावेल. मोटरवाला म्हणतो, अर्थिंग वायरमन बघेल. वायरमन म्हणतो, मला गेटपर्यंत लाइट द्यायला सांगितली होती, ती दिली. अपघात याच सांध्यांत होतात, म्हणून हे सांधे घरमालकानंच बघायचे. पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे. मोटर स्वतः बसवू पाहणाऱ्यासाठी नाही.

सुरुवात लोखंडापासून करायची. जुलै २०२४च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलला एक सरकतं लोखंडी गेट कोसळून जेमतेम साडेतीन वर्षांची मुलगी दगावली. त्या गेटला मोटर नव्हती, मुलं हातानं ढकलत होती. सरकतं गेट खालच्या चाकांवर चालतं, पण उभं राहतं ते वरच्या आधारावर. खांबाला धरलेले वरचे गाईड रोलर ढिले झाले, किंवा गेट शेवटच्या टोकापलीकडे गेलं आणि रोलरच्या पकडीतून सुटलं, की शे-दोनशे किलोचा पत्रा आडवा होतो. त्याला थोपवायला दोन्ही टोकांना जमिनीत किंवा खांबात पक्के बसवलेले लोखंडी अडथळे लागतात. मोटरला लिमिट स्विच असतोच, पण तो विजेचा अडथळा आहे. तो एक दिवस बिघडणार, हे धरून चाला. त्या दिवशी गेट ज्यावर आदळून थांबेल ते लोखंड तिथे असलंच पाहिजे. मोटरवाला येण्याआधी गेट पूर्ण उघडून आणि पूर्ण बंद करून दोन्ही टोकांना जोरात ढकलून बघा. ते जरा जरी डुललं तर मोटरचं नाव काढू नका.

दुसरी परीक्षा वजनाची. सोळा फूट लांब आणि सहा फूट उंच गेटला १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा लावला तर नुसता पत्राच ८५ किलोच्या आसपास भरतो. दोन इंची चौकोनी पाइपांची चौकट, चाकं आणि दाते असलेली पट्टी धरली की वजन दीडशे-दोनशेच्या घरात जातं. मजबुतीच्या हौसेनं कुणी ३ मिलिमीटरची प्लेट ठोकली तर पत्र्याचंच दोनशेच्या वर. मोटर घेताना गेटच्या वजनाच्या दुप्पट क्षमतेची घ्या. मात्र जड गेटला ताकदवान मोटर लावली म्हणजे प्रश्न सुटला, असं समजू नका. गेट रुळावर अडत असेल तर ताकदवान मोटर ते ओढून नेईल आणि वाटेत एखाद्याचा पाय आला तर तोही ओढेल. मोटर जोडण्याआधी गेट एका हातानं, दम न लागता, टोकापासून टोकापर्यंत सरकलं पाहिजे.

दोन पाकळ्यांच्या उघडत्या गेटची अडचण वारा आहे. वळवाच्या पावसाआधी या भागात वावटळ काय करते ते वेगळं सांगायला नको. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात सोळा बाय सहाच्या भरीव पत्र्यावर सुमारे २७० किलोचा जोर येतो. तो बिजागऱ्यांवर आणि मोटरच्या दांडीवर पडतो. पाकळ्याच हव्या असतील तर पत्र्याऐवजी जाळी घ्या. जागा असेल तर सरकतंच गेट बरं, असं माझं मत आहे. पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर रस्त्याला लागून घर असेल तर पाकळ्या रस्त्याच्या बाजूला उघडायच्याच नाहीत. आणि गेट इतकं आत घ्या की ते उघडेपर्यंत तुमची गाडी महामार्गावर ताटकळणार नाही.

गवंड्याला एकच गोष्ट ठामपणे सांगा: काळ्या मातीत खांब रोवायचा नाही. भीमा-घोडच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभा केलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो आणि मग गेट, मोटर, फोटोसेल या सगळ्यांची सरळ रेषा बिघडते. मुरूम लागेपर्यंत खोदा. मोटरचा चौथरा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान सहा ते नऊ इंच वर हवा. गेटसमोर पाणी साचत असेल तर आणखी वर.

आता वीज. जून २०२४मध्ये दौंड तालुक्यातल्या दापोडीत एकाच कुटुंबातले आई, वडील आणि मुलगा विजेच्या धक्क्यानं गेले. घर पत्र्याचं होतं आणि कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत करंट उतरला होता. उघड्या वायरला हात लावायचा नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ओल्या लोखंडाला हात लावायचा नाही, हे कुणी शिकवत नाही. मोटरचं गेट म्हणजे पावसात भिजणारं, घरातल्या प्रत्येकाचा रोज हात लागणारं लोखंड, आणि त्याला चिकटून २३० व्होल्टची मोटर.

‘अर्थिंग केलंय ना’ एवढ्यावर इथे बहुतेक जण समाधान मानतात. अर्थिंग हवंच, पण ते एकटं पुरत नाही, आणि का ते समजून घ्या. शिरूर-दौंड हा कमी पावसाचा पट्टा. मार्च ते मे महिन्यांत जमीन इतकी कोरडी होते की चांगल्या अर्थिंगचाही रोध वाढतो. समजा तो २० ओहम आहे. मोटरच्या बॉडीत फेज उतरला तर जमिनीत जाणारा प्रवाह भरला साडेअकरा अँपिअर. गेटच्या लायनीवर १० अँपिअरची एमसीबी असेल तर एवढ्या प्रवाहाला ती लगेच पडत नाही. पटकन पडायला तिला याच्या अनेक पट प्रवाह लागतो. तोवर गेट जिवंत राहतं. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत ताडून बघते. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की क्षणात लाइट तोडते. गेटसाठी बोर्डातून स्वतंत्र लाइन काढा आणि तिच्यावर स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र आरसीसीबी बसवा. महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबा. पडली नाही तर ती बदलायला झाली.

इथे आपल्याकडची एक खोड सांगायलाच हवी. आरसीसीबी ‘उगाच ट्रिप होते’ म्हणून वायरमन तिला वगळून थेट जोडणी करून देतो आणि मालक त्याला धन्यवाद देतो. आरसीसीबी उगाच पडत नाही. बहुतेक वेळा कारण जुन्या वायरिंगमध्ये असतं: दोन लायनींचा न्यूट्रल एकत्र केलेला, इन्व्हर्टरचा न्यूट्रल गुंतलेला, किंवा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकवलेले. ते शोधायला अर्धा दिवस जातो आणि तो अर्धा दिवस वाचवण्यासाठी तिला काढून टाकलं जातं. तुमच्या वायरमननं हा सल्ला दिला तर वायरमन बदला. शेतातल्या वस्त्यांवर याहून धोक्याची एक सवय आहे. न्यूट्रल नसला की अर्थिंगच्या सळईवरच दिवे चालवायचे. अशा घरात ती सळई स्वतःच करंट वाहत असते. गेट तिला जोडलं तर अख्ख्या गेटला करंट येऊ शकतो. आधी न्यूट्रल दुरुस्त करून घ्या, मग गेट.

शेतीपंपाच्या जोडणीवरून गेटला लाइन ओढू नका. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कारणासाठी वीज वापरणं हा विद्युत कायदा २००३च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी होते, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की शेतीच्या वाहिनीवर दाब कमी-जास्त होत असतो. दाब पडला की मोटर गुणगुणते, तापते आणि जळते. घराची जोडणीही लांबच्या डीपीवर असेल आणि संध्याकाळी दिवे मंद होत असतील, तर २३० व्होल्टच्या मोटरऐवजी २४ व्होल्ट डीसीची, आपल्या बॅटऱ्यांवर चालणारी मोटर घ्या. लाइट गेल्यावरही ती काही फेऱ्या मारते आणि अडथळा आला की लवकर ओळखते. वस्तीसाठी मला तीच योग्य वाटते. फक्त तिचा ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर घरात ठेवून तिथून २४ व्होल्टची वायर गेटपर्यंत न्यायची नाही. घर ते गेट ६० मीटर आहे, वायर २.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि मोटर ६ अँपिअर घेते असं धरलं, तर पाच व्होल्टहून जास्त वाटेतच संपतात. २३० व्होल्टला पाच व्होल्टची घट कळतही नाही. चोवीसातून पाच गेले की मोटर बसते. म्हणून २३० व्होल्ट गेटपर्यंत न्यायचे आणि ते तिथल्या बंद पेटीत उतरवायचे.

ही वायर आर्मर्ड, तांब्याची आणि तीन तारांची असावी. जमिनीखाली किमान अडीच फूट, खाली-वर वाळू, वर विटा आणि पिवळी इशारापट्टी. ट्रॅक्टर जातो तिथे त्याहून खोल आणि जाड पाइपातून. नांगर, जेसीबी आणि ठिबकची चारी खोदणारा गडी या तिघांना तुमची केबल कुठून जाते ते माहीत नसतं, म्हणून तिचा नकाशा वहीत काढून ठेवा आणि फोटोही काढा. फोटोसेल, रिमोटचा रिसीव्हर आणि बेल यांच्या बारीक तारा वेगळ्या पाइपातून न्या. पेटीत शिरणाऱ्या सगळ्या पाइपांची तोंडं फोमनं बंद करा. मुंग्या आणि पाली ऊब शोधत कंट्रोल बोर्डापर्यंत येतात, आणि बोर्ड जळण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. वायरचा सांधा पिळून टेप गुंडाळून केलेला चालणार नाही. बंद जंक्शन बॉक्स हवा. गेटजवळ, हात पोचेल अशा जागी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच हवा. वळवाच्या विजा धरून सर्ज प्रोटेक्टरही लावून घ्या. गेटचे खांब, मोटरची बॉडी आणि घराचं अर्थिंग एकाच हिरव्या तारेनं जोडलेलं असावं. गेटजवळ वेगळी सळई ठोकली तरी ती घराच्या अर्थिंगला जोडा, एकटी सोडू नका. आणि हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांची तशी अटच आहे. परवाना बघायला मागताना संकोच करू नका.

काम चालू असताना मेन बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवा. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं नसतं. मीटर लावून खात्री करायला सांगा. गेटला नंतर वेल्डिंग करायचं निघालं, आणि ते हमखास निघतं, तर आधी मोटरच्या आणि कंट्रोल बोर्डाच्या सगळ्या तारा सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. नाहीतर तो प्रवाह बोर्डातून वाट काढतो.

माणसाला न चिरडता थांबणारं गेट हा या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. फोटोसेलची जोडी गेटच्या दोन बाजूंना असते. किरण तुटला की बंद होणारं गेट थांबून मागे जातं. ही जोडणी ‘एनसी’ हवी, म्हणजे नेहमी जुळलेली. मग उंदरानं तार कुरतडली तरी गेट बंद होत नाही. बऱ्याच ठिकाणी फोटोसेल वारंवार अडतो म्हणून बोर्डावर तारेचा तुकडा लावून तो कायमचा निकामी केलेला असतो आणि खांबावरचा डबा नुसता शोभेला राहतो. झाकण उघडायला लावून बघा. धूळ, कोळ्याची जाळी आणि उसाचं पाचट यांनी फोटोसेलचं भिंग झाकलं जातं. उपाय पुसण्याचा आहे, तार लावण्याचा नाही.

किरण जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असतो. मूल, कुत्रं, शेळी यांच्यासाठी ती उंची ठीक आहे. पण उसाच्या ट्रॉलीचा तळ त्याहून वर असतो. चाकं पुढे गेली की किरणाला ट्रॉलीखाली मोकळी जागा दिसते, आणि ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामधल्या फटीतही तसंच होतं. गेट समजतं की रस्ता मोकळा झाला आणि मिटायला लागतं. म्हणून दुसरी जोडी सव्वा मीटरच्या आसपास बसवा. गाळप हंगामात आपोआप बंद होण्याची सोय बंदच ठेवा. ट्रॉली गेली की बटण दाबून गेट मिटवायचं. ऊसतोडीच्या बैलगाड्यांसोबत मुलं असतात, ती गेटवर झोका घेतात. पाहुण्यांच्या मुलांनाही गेट आपोआप चालतं हे माहीत नसतं. सरकत्या गेटला मोठ्या फटींची गजांची जाळी असेल तर गेट खांबाजवळून जाताना त्यातून घातलेला हात कापला जातो. त्या बाजूला निदान मुलाच्या उंचीपर्यंत बारीक जाळी किंवा पत्रा लावा. मोटरचं दातेरी चाक आणि पट्टी यांच्यावर झाकण हवं. चालताना चमकणारा दिवा लावा.

दाबाची मर्यादा बोर्डावर ठरवता येते. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकात अरुंद फटीत मिटणाऱ्या गेटचा धक्का ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे ढोबळमानानं ४० किलोच्या दाबापेक्षा जास्त नसावा असं म्हटलं आहे. आपल्याला ते मोजायचं यंत्र मिळणार नाही. त्याऐवजी टीव्हीचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका उभा करून त्यावर गेट मिटू द्या. खोका चेपून गेट पुढे गेलं तर दाब जास्त आहे. मोटरवाला म्हणेल की दाब कमी केला तर वाऱ्यात गेट मध्येच थांबेल. थांबू द्या.

मोबाइलच्या ॲपवरून पुण्यात बसून शिरूरचं गेट उघडता येतं, हे दाखवायला सगळ्यांना आवडतं. उघडायला हरकत नाही. मिटवायला मात्र गेट डोळ्यांसमोर असलं पाहिजे, त्यामुळे ॲपमधून बंद करण्याची सोय काढून टाकायला सांगा. रिमोट दर वेळी सांकेतिक क्रमांक बदलणारा घ्या. एकाच क्रमांकाच्या रिमोटची नक्कल सहज होते.

गेटला किंवा कंपाउंडच्या तारेला ‘बिबट्या येऊ नये म्हणून’ घरची लाइट सोडण्याचा विचार काही जण बोलून दाखवतात. तसं करणं गुन्हा आहे, आणि त्या तारेला बिबट्याच्या आधी शेजाऱ्याचा मुलगा चिकटण्याची शक्यता जास्त. कुणाला गेटचा शॉक बसताना दिसला तर त्याला ओढायला धावू नका. आधी मेन पाडा, मग १०८ला फोन करा. खांबावरून येणाऱ्या लायनीत दोष असेल तर महावितरणचा क्रमांक १९१२.

काम हाती घेताना चौघांनाही एकाच दिवशी गेटवर बोलवा. आग लागली किंवा लाइट गेली तर गेट हातानं कसं सोडवायचं, त्याची किल्ली कुठे टांगायची, हे मोटरवाल्यानं घरातल्या प्रत्येकाला, आजींनाही, करून दाखवायचं, आणि आजींनी ते त्याच्यासमोर एकदा स्वतः करून बघायचं. मग आरसीसीबीचं बटण, दोन्ही फोटोसेल, खोक्याची चाचणी आणि टोकाचे अडथळे एकेक करून तपासा. वायरिंगचा नकाशा सहीसकट घ्या. हे सगळं तुमच्यासमोर चालून दिसेपर्यंत चौघांपैकी कुणाचाही शेवटचा हप्ता देऊ नका.